ड्रायव्हर काढला की ड्रायव्हरला काढलं?

राजारामपुरीत कॉम्प्युटर क्लास घेणाऱ्या एका वाचकांनी विचारलंय: मुलं ‘ड्रायव्हर टाकला’ (ड्रायव्हर म्हणजे प्रिंटरसारखं उपकरण संगणकाकडून चालवून घेणारं सॉफ्टवेअर) म्हणतात, पुस्तिकेत ‘चालक स्थापित करा’ छापलंय, मग वर्गात काय शिकवू? शिवाय ‘ड्रायव्हर’ म्हटलं की माणूसच डोळ्यांपुढं येतो, त्याचं काय?

मुलांचं बरोबर आहे. माणसाची भीती तर नकोच. ‘ड्रायव्हर काढला’ म्हणजे सॉफ्टवेअर, ‘ड्रायव्हरला काढलं’ म्हणजे कुणाची तरी नोकरी गेली. कर्म माणूस असलं की मराठी ‘ला’ लावते आणि क्रियापद नपुंसकलिंगी करते. वस्तूला ती हा मान देत नाही. उद्यमनगरातला कामगार ‘स्क्रू ड्रायव्हर दे’ म्हणतो तेव्हा कुणी गोंधळत नाही. उलट रोजच्या बोलण्यातला ‘चालक’ मात्र माणूसच असतो. ‘स्थापित’ ऐकून तर घटच बसवायचेत असं वाटतं.

अनेकवचनाला ‘ड्रायव्हर्स’ची गरज नाही. ‘चार ड्रायव्हर टाकले’ पुरे.

क्रियापद मात्र सिस्टिम बघून वापरा. विंडोजमध्ये बऱ्याचदा ड्रायव्हर बाहेरून येतो, कंपनीच्या साइटवरून किंवा विंडोज अपडेटमधून. तो नसला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजमधल्या उपकरणांच्या यादीत, पिवळा त्रिकोण दिसतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, ‘पीसी प्रिंटर घेईना झालाय.’ तिथं ‘टाकणे’ चपखल. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यासोबतच, येतात. उपकरण जोडलं की जुळणारं मॉड्यूल, म्हणजे त्या ड्रायव्हरचा सुटा भाग, आपोआप लोड होतं. कुणी काही टाकलेलंच नसतं, म्हणून ‘उबुंटूनं (हा लिनक्सचाच एक प्रकार) वायफाय उचललं’ हेच खरं वर्णन. ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडिया कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर हा ठळक अपवाद, तो टाकावाच लागतो. मॅकमध्ये यंत्र आणि सिस्टिम दोन्ही ॲपलची, त्यामुळे हा विषय क्वचितच निघतो. मॅकच्या सिस्टिमच्या २०१९च्या कॅटालिना आवृत्तीपासून तिथं ड्रायव्हरकिट आलं, म्हणजे बाहेरचे ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर चालवायची सोय. असा ड्रायव्हर टाकून भागत नाही, सेटिंगमध्ये परवानगीही द्यावी लागते.

एवढं मात्र जपा: ‘ड्रायव्हर टाका’ आणि ‘ड्रायव्हर टाकून द्या’ यांत एका शब्दानं अर्थ उलटा होतो. फोनवर नवख्याला सांगताना ‘आधी जुना काढा, मग नवा टाका’ असं सरळ म्हणा.