मृदंग गप्प असतो तेव्हा

चि. सोनूस, अनेक आशीर्वाद.

तुझा मेल वाचला. गावच्या सप्ताहात मृदंग वाजवणारा दादा कीर्तन चालू असताना मोबाइलवर लाइव्ह करत होता, कमेंट वाचून हसत होता आणि आजी त्याच्यावर चिडली. समोर मात्र कॅमेरे लावून तेच कीर्तन यूट्यूबवर जात होतं, त्याबद्दल कुणी ब्र काढला नाही. मग एकट्या दादानेच काय बिघडवलं, असं तू विचारतोस.

प्रश्न रास्त आहे. मोबाइलचा देवाला विटाळ होतो वगैरे मी सांगणार नाही. २०२० साली पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, तेव्हा आपण इथे मोबाइलवरच कीर्तनं ऐकत होतो. आजी तर अजूनही रोज दुपारी ऐकते.

अडचण आहे ती दादाच्या जागेची. वारकरी कीर्तनात महाराज एक अभंग घेतात आणि दोन तास त्याच्या चरणांवर बोलतात. मागे टाळकरी, विणेकरी, बाजूला मृदंग. निरूपण चालू असतं तेव्हा मृदंग गप्प असतो, म्हणून तुला वाटलं असेल की तेवढा वेळ दादा मोकळाच आहे. तो मोकळा नसतो. महाराज बोलता बोलता प्रमाण म्हणून एखाद्या अभंगाचे पहिले दोन शब्द उच्चारतात. लगेच गायकांनी ती ओळ उचलायची, चाल धरायची आणि थाप नेमकी तिथे पडायची. कोणतं प्रमाण येणार, कोणती चाल लागणार, हे आधी ठरलेलं नसतं. पुढे लय चढत जाते, टाळ घुमायला लागतात, आणि महाराजांनी हात वर केला की सगळ्यांनी एकदम थांबायचं. हा सगळा कानांचा आणि नजरेचा कारभार. थाप जराशी उशिरा पडली तरी मांडवातल्या माना मृदंगाकडे वळतात, आणि महाराजांनी तासभर खपून बांधलेला धागा तुटतो. स्टँडवरच्या कॅमेऱ्याला यातलं काहीच करायचं नसतं. (मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावलेली असते. त्या हाताने तो फोन कसा चालवत होता, हे मला खरंच बघायचं होतं.)

लग्नातही तेच. आपल्या मंगलाष्टकांत ‘वाजंत्री बहु गलबला न करणे’ अशी वाजवणाऱ्यांना चक्क तंबीच आहे. शेवटच्या ‘सावधान’ला अंतरपाट दूर झाला की त्याच क्षणी सनई-चौघडा सुरू व्हायला हवा. सनईवाला रील बघत बसला तर अक्षता पडून जातात आणि सूर मागाहून येतात.

पण आजीचा राग निव्वळ तालाचा नसावा. सप्ताहात वीणा सात दिवस, रात्रंदिवस खाली ठेवत नाहीत. पहारे वाटून घेतात. पहाटे तीनला मांडवात चिटपाखरू नसतं तरी एक जण वीणा गळ्यात घालून उभा असतो, आणि पहारा बदलताना एकमेकांच्या पाया पडून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. आजी हे बघत वाढली. तुकोबांनी तर बजावून ठेवलंय की जिथे कीर्तन करावं तिथे जेवू नये, कपाळाला बुका लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये. आता शाली, हार, पाकिटं सर्रास चालतात. तेही आजीला खुपतं, पण महाराजांना कोण बोलणार? सापडला बिचारा दादा. हे तिचं चुकलंच, असं मला वाटतं.

त्या पोराचीही बाजू आहे. अशा वादकांना हल्ली व्हिडिओ बघूनच पुढची बोलावणी येतात. त्याचं वाजवणं लोकांपर्यंत पोचावं, याला माझी ना नाही. मित्राच्या हातात फोन द्यावा, महाराजांना आधी विचारावं, कमेंट घरी जाऊन वाचाव्यात. समोर डोळे पुसत बसलेल्या बायकांवर कॅमेरा रोखू नये, हेही त्यात आलं. खरं तर मला लाइव्हपेक्षा तेच जास्त खटकतं.

राहता राहिला तुझा तबला. मंडळाच्या गणपतीत आरतीला तू बसणार आहेस ना? आरतीचे शब्द फोनवर उघडून ठेवायला काहीच हरकत नाही, अर्धं मंडळ तेच करतं. भजनाला तानपुऱ्याचं अ‍ॅपही खुशाल लाव. फक्त फोन फ्लाइट मोडवर टाक, नाहीतर ऐन भजनात तानपुरा थांबेल आणि स्क्रीनवर माझंच नाव येईल. तबला दमट हवेत उतरतो, तेव्हा हातोडी बरोबर घे. बाबांनी ती तुझ्या निळ्या बॅगेत ठेवली आहे.

तुझी,
आई