लिटल मोरटन हॉल इतका वाकडा का दिसतो? मुद्दाम तसा बांधलाय का?

मुद्दाम अजिबात नाही. मी मँचेस्टरला राहतो आणि जुन्या लाकडी बांधकामाची ओढ असल्यामुळे इंग्लंडच्या चेशर परगण्यातल्या काँगल्टन गावाजवळच्या या घरी तीनदा जाऊन आलोय. फोटो पाहून तुम्हाला ते कलंडल्यासारखं वाटलं, ते खरंच आहे. कारण शोधायला सगळ्यात वरच्या मजल्यावर जावं लागतं.

हॉल म्हटलं तरी हे आहे एक मॅनॉर हाउस. मॅनॉर म्हणजे कुळं लावलेली जमीनदारी, आणि त्या जमीनदाराचं राहतं घर म्हणजे मॅनॉर हाउस. हे मोरटन घराण्याचं. १५०४च्या सुमारास विल्यम मोरटनने बांधायला घेतलं आणि पुढच्या पिढ्यांनी साधारण १६१०पर्यंत त्यात भर घातली. भोवती पाण्याचा खंदक आहे.

बांधणी पाहिली की आपल्याला ओळखीची वाटते. दगडी जोत्यावर ओकच्या खांब-तुळयांचा सांगाडा, सांध्यांत ठोकलेल्या लाकडी खुंट्या आणि मधल्या चौकटींत चक्क कूड! काटक्या विणून वर मातीचा गिलावा. भार सगळा सांगाड्यावर, भिंत नुसती आडोशाला. लाकूड काळंकुळकुळीत आणि भिंत पांढरीशुभ्र रंगवायची पद्धत एकोणिसाव्या शतकातली. मूळचा ओक न रंगवता तसाच राखाडी पडू द्यायचे.

आता वाकडेपणाकडे. १५६०च्या सुमारास दक्षिणेकडची, दरवाजाची बाजू बांधताना तिच्या डोक्यावर सुमारे २१ मीटर लांबीची लाँग गॅलरी चढवली. काम सुरू झाल्यावर सुचलेली ही भर असावी, असं अभ्यासक मानतात. पावसापाण्यात घरातल्या घरात फेऱ्या मारायची, खेळायची ही जागा; भिंतींना आतून लावलेल्या लाकडी तक्त्यांमागे सतराव्या शतकातले टेनिसचे चार चेंडू सापडले आहेत. पण छप्पर घातलं जड दगडी लाद्यांचं, आणि तेवढं ओझं खालच्या मजल्यांना झेपणारं नव्हतं. तुळया वाकल्या, भिंती बाहेर फुगल्या. गॅलरीत चालताना चार पावलांवर उतार लागतो, मग चढ, मग पुन्हा उतार. पहिल्यांदा मी नकळत भिंतीला हात लावला होता. पुढे पोलादी सळ्या घालून तिला आवळून धरलंय.

मग कोणी हे पाडून नवं का बांधलं नाही? पैसा नव्हता. राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धात मोरटन राजाच्या बाजूचे. १६४३मध्ये पार्लमेंटच्या सैन्याने घर ताब्यात घेतलं. पुढे घराणं कर्जात गेलं आणि घर शेतकऱ्यांना भाड्याने दिलं. १८४७पर्यंत घराच्या प्रार्थनागृहात कोळसा साठवायची वेळ आली होती! श्रीमंत शेजाऱ्यांनी आपापली घरं नव्या फॅशनप्रमाणे बदलली, हे राहून गेलं. १९३८मध्ये ते जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आलं.

गेलात तर अंगणात उभं राहून खिडक्यांवरची कोरीव अक्षरं नक्की पाहा. १५५९मध्ये विल्यम मोरटनने (आधीच्या विल्यमच्या त्याच नावाच्या मुलाने) या खिडक्या करवून घेतल्या असं तिथे लिहिलंय, आणि त्याच्यासोबतच लिहिलंय की सुतार रिचर्ड डेल याने देवाच्या कृपेने त्या घडवल्या. आपल्याकडचे कितीतरी वाडे मी पाहिलेत. सुताराचं नाव अजून एकाही तुळईवर मला सापडलेलं नाही.