पहिला ट्रॅक डे आणि ब्रेकचे तेल

प्रश्न : मी चार वर्षे रोज मोटरसायकल चालवतो आणि पुढच्या महिन्यात प्रथमच ट्रॅक डेला, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी हौसेने चालवायच्या दिवसाला, जाणार आहे. हाताशी पैसे बेताचेच आहेत. ते नव्या सायलेन्सरवर खर्च करावेत की शर्यतीच्या टायरवर? स्वतःची काय तयारी करावी?

उत्तर : दोन्हींवर नकोत. आधी ब्रेकचे तेल बदलून घ्या आणि पॅड झिजलेले असतील तर तेही.

रस्त्यावर आपण करकचून ब्रेक क्वचितच लावतो. ट्रॅकवर मात्र प्रत्येक फेरीत त्याच त्या वळणांआधी तो लावावा लागतो, आणि वेग दुप्पट झाला की जिरवायची ऊर्जा चौपट होत असल्यामुळे डिस्क, पॅड व पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरमधले तेल एरवीपेक्षा कितीतरी जास्त तापते. डॉट ४ दर्जाच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. परंतु हे तेल हवेतला ओलावा शोषत राहते, आणि पाणी पावणेचार टक्क्यांच्या आसपास पोहोचले की तोच आकडा १५५ अंशांपर्यंत उतरलेला मानकालाही चालतो. तेल उकळले की वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे बोटांचा जोर पॅडपर्यंत पोहोचतच नाही. माझ्या पहिल्या ट्रॅक डेला मी नेमका हाच खर्च वाचवला होता. तिसऱ्या सत्रात लिव्हर पिळपिळीत झाला, पुढच्या फेरीला तो जवळजवळ मुठीला टेकला, आणि मी वळण सोडून सरळ खडीत गेलो. पडलो नाही, हे नशीब.

शर्यतीच्या टायरचा मोह आवरा. ते पुरेसे तापल्याशिवाय पकड देत नाहीत, आणि नवखा चालक सहसा त्यांना तेवढे तापवू शकत नाही. नक्षी शाबूत असलेले, रबर कडक न झालेले चांगले रस्त्याचे टायर पुरे. मात्र टायर तापला की आतली हवा प्रसरण पावून दाब काही पीएसआयने वाढतो, म्हणून टायर कंपनीने ट्रॅकसाठी सांगितलेला आकडा विचारून घ्या, आपला मापक बरोबर न्या आणि सत्र संपवून आत येताच, टायर गरम असतानाच, दाब तपासा.

बाकी कामे छोटी आहेत. चेनचा ढिलेपणा आणि इंजिन तेलाचा ड्रेन बोल्ट तपासावा. आरसे काढावेत, दिव्यांच्या काचांवर चिकटपट्टी लावावी. अनेक आयोजक इंजिन थंड ठेवणाऱ्या कुलंटऐवजी साधे पाणी भरायला लावतात, कारण कुलंटमधले ग्लायकॉल सांडले तर डांबर निसरडे होते.

आता आपली तयारी. पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, एकसंध किंवा कमरेशी झिपने जोडला जाणारा लेदर सूट, पाठीचे संरक्षक, मनगट झाकणारे हातमोजे आणि घोट्याच्या वर जाणारे बूट इतके हवेच. सूट दुकानात उभ्याने घालून पाहू नका, गाडीवर वाकून बसून पाहा. उभे असताना आखडलेला वाटणारा सूट बसल्यावर बहुधा नीट बसतो. ब्रेक लावताना अंगाचा भार हातांवर न घेता मांड्यांनी टाकी आवळून धरण्याचा सराव आजपासून करा, कारण हात ताठरले की हँडल वळेनासे होते. झेंड्यांचे अर्थ आदल्या रात्रीच पाठ हवेत : पिवळा दिसला की पुढच्याला ओलांडायचे नाही, लाल दिसला की वेग उतरवून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्यांच्या थांब्यात, परतायचे.

एक सत्र साधारण १५ ते २० मिनिटांचे असते, आणि तेवढ्यातही घाम इतका निघतो की दोन सत्रांच्या मध्ये तहान नसली तरी पाणी प्यावे. दुपारनंतर ब्रेक लावण्याची जागा सकाळच्या खुणेपुढे सरकू लागली, तर तो वेग वाढल्याचा नव्हे, थकव्याचा पुरावा समजावा आणि शेवटचे सत्र पैसे भरलेले असले तरी खुशाल सोडून द्यावे. त्याच गाडीने घरी परतणार असाल, तर निघण्यापूर्वी टायरमधला दाब पुन्हा रस्त्याच्या आकड्यावर आणा आणि आरसे लावा.