वाक्याचा शेवट खाऊ नकोस

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

मंगळवारी तालीम संपल्यावर तू जिन्यात थांबलीस आणि म्हणालीस, "ताई, तिथे मला नाटकी म्हणतात आणि इथे तुम्ही म्हणता ऐकू येत नाही. मी नक्की कुणाचं ऐकू?" मी तेव्हा चप्पल शोधत होते, काहीतरी तुटक बोलले आणि निघाले. घरी आल्यावर झोप लागली नाही. समोर असलीस की तुझे डोळे भरून येतात आणि मला निम्मं सांगायचं राहून जातं. म्हणून लिहितेय.

मालिकेत आईचं काम आलंय. तुझं वय एकतीस, पडद्यावरचा मुलगा सत्तावीसचा. हे खुपणारच. पण नाटक सोडू की मालिका सोडू हा जो प्रश्न तू महिनाभर उराशी धरून बसली आहेस, तो मला प्रश्नच वाटत नाही. दोन्हीकडे बोलायचंच आहे ना? मग बोलण्याबद्दल बोलू. तू वाक्याचा शेवट खातेस. तिथेही खातेस, इथेही खातेस.

आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. होय की नाही, गेला की जाणार, केलं की करायला हवं होतं, सगळा निकाल शेवटच्या दोन-चार अक्षरांत असतो. तू वाक्य झोकात उचलतेस, मधे छान डोलवतेस, आणि नेमका निकालाच्या वेळी श्वास संपतो. प्रेक्षकाला प्रस्तावना मिळते, बातमी मिळत नाही.

मला हे कळायला काय मोजावं लागलं ते ऐक. राज्य नाट्य स्पर्धेचा प्रयोग होता, मी चोवीस वर्षांची. माहेरी परत आलेल्या बहिणीचं काम. दोन अंक भाऊ तिला घराबाहेर काढायला बघतो आणि शेवटी ती उंबरठ्यावर उभी राहून म्हणते, "मी जाणार नाही." पडदा. मी 'जाणार'वर जीव ओतला, डोळ्यांत पाणी आणलं, आणि 'नाही' ओठातच राहिलं. प्रयोगानंतर शेवटच्या रांगेतले एक आजोबा आत आले. काम आवडलं म्हणाले, आणि मग विचारलं, "पण गेली का हो ती शेवटी?" मी त्या दिवशी नाट्यगृहाला दोष दिला, माइकला दिला, पंख्यांच्या आवाजाला दिला. पुढची कितीतरी वर्षं देत राहिले. शेवट मी खाल्ला होता.

पॅट्रिशिया राउटलेज या इंग्रज अभिनेत्रीच्या कामाची चित्रफीत मी तुम्हाला दर बॅचला दाखवते, आणि तुम्ही हसता आणि विसरता. ३ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या गेल्या, ९६ वर्षांच्या होऊन. बातम्यांमध्ये सगळीकडे एकच नाव होतं, हायसिंथ, त्यांची विनोदी मालिकेतली भूमिका. त्या नावापर्यंत पोचायला त्यांना किती चालावं लागलं ते कुणी फारसं सांगितलं नाही. लिव्हरपूलसमोर नदीपलीकडे बर्कनहेड आहे, तिथे १९२९ सालचा जन्म. वडिलांचं पुरुषांच्या कपड्यांचं दुकान. लिव्हरपूल विद्यापीठात इंग्रजी साहित्य, मग ब्रिस्टलच्या ओल्ड व्हिक नाट्यशाळेत शिक्षण, आणि १९५२ मध्ये लिव्हरपूल प्लेहाउसला पहिलं व्यावसायिक काम. हायसिंथ आली १९९० मध्ये. मधली अडतीस वर्षं मोज.

त्या अडतीस वर्षांत काय होतं? १९६८ मध्ये न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर एका संगीतिकेत नायिका. नाटक महिनाभरात उतरलं, आणि त्याच कामासाठी त्यांना टोनी पुरस्कार मिळाला. १९७६ मध्ये परत ब्रॉडवे. संगीत लिओनार्ड बर्नस्टाइनचं, विषय व्हाइट हाउसचा, आणि निरनिराळ्या राष्ट्राध्यक्षांच्या बायका या एकट्याच करणार. त्यात एका गाण्यात घर सोडून जाणारी बाई आणि घरात येणारी बाई, दोघी याच. एका ओळीत एक, पुढच्या ओळीत दुसरी. दोन आवाज, दोन स्वभाव, आणि दोघींच्या ओळी शेवटपर्यंत स्वच्छ. ओळीचा शेवट जरा जरी सांडला असता तर कोण बोलतंय तेच कळलं नसतं. नाटक सात प्रयोगांत बंद पडलं. त्या परत गेल्या आणि पुढचं काम करू लागल्या. १९८८ मध्ये 'कँडिड' या संगीतिकेसाठी लंडनचा ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला तेव्हा वय ५९.

'थांब, साठीत तुझंही होईल' असं मी म्हणत नाहीये. तसं कुणी म्हणू शकत नाही आणि म्हणू नये. मला दाखवायचंय ते एवढंच की नाटक पडलं म्हणून बाईंचं वाक्य पडलं नाही.

आता हायसिंथ नीट बघ. 'कीपिंग अप अपिअरन्सेस', १९९० ते १९९५, ४४ भाग. आडनाव बकेट, म्हणजे सरळसरळ बादली, आणि या बाईचा हट्ट असा की त्याचा उच्चार 'बुके' करायचा. फोन वाजतो. मान ताठ करून ती रिसीव्हर उचलते आणि बुके यांच्या निवासस्थानातून खुद्द घरच्या बाईसाहेब बोलत असल्याचं जाहीर करते. पलीकडे बरेचदा चिनी खाणावळीला फोन लावणारं गिऱ्हाईक निघतं. त्या क्षणी बाईंचा चेहरा उतरतो, वाक्य उतरत नाही. ते शेवटच्या अक्षरापर्यंत खानदानी राहतं. हसू येतं ते या दोन गोष्टींच्या मधल्या फटीत. वाक्यही खाली आलं असतं तर फक्त एक हिरमुसलेली बाई दिसली असती. थांबवून बघ, पुन्हा लाव, तोंडाकडे बघ. ओठ शेवटच्या व्यंजनावर मिटतात आणि मगच डोळे हलतात.

आणि ती गाते किती भयानक! शेजारचा एमेट संगीताच्या क्षेत्रातला, तर तो दिसला की ही तार सप्तकात सुरू होते आणि तो घाबरून घरात पळतो. तो बेसूर एका शिकलेल्या गायिकेने मापून लावलेला आहे. मालिका चालू असतानाच, १९९२ मध्ये, त्याच बाई लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये 'कॅरुसेल' ही संगीतिका करत होत्या, आणि मालिकेत ज्या गळ्याने एमेटला पळवायचं त्याच गळ्याने तिथे अख्ख्या प्रेक्षागृहाला गहिवर आणायचा. मालिका की नाटक, म्हणून त्या जिन्यात उभ्या राहिल्या नाहीत.

तुझं पुढचं वाक्य मला माहीत आहे. "पण ताई, ते विनोदी आहे. माझ्या सेटवर नैसर्गिक बोला म्हणतात." बरं. मग अ‍ॅलन बेनेट या इंग्रज नाटककाराची स्वगतं बघ. १९८८ मधलं 'अ लेडी ऑफ लेटर्स'. सुमारे अर्धा तास, एक बाई, एक खुर्ची, समोर कॅमेरा. आयरीन रडक नावाची एकटी बाई, हिला पत्रं लिहायचा नाद. दिसेल त्याची तक्रार. समोरच्या घरातलं जोडपं आपल्या मुलाकडे दुर्लक्ष करतंय असं ती लिहून कळवते, आणि मग कळतं की ते मूल इस्पितळात होतं आणि आता ते गेलं. हे सांगताना राउटलेज आवाज चढवत नाहीत, कंप देत नाहीत. आपण दुकानात काय घेतलं हे सांगावं तितक्या साध्या सुरात सांगतात, पण वाक्याचा शेवट हातात धरून ठेवतात. तेवढ्याने माझ्या पोटात खड्डा पडतो, कितव्यांदा बघितलं तरी. पुढे ती तुरुंगात जाते आणि तिथे, बायकांच्या सोबतीत, आयुष्यात पहिल्यांदा सुखी होते. आवाज लहान आहे, वाक्य पूर्ण आहे. नैसर्गिक म्हणजे पुटपुटणं नव्हे गं! तुझा आवाज कॅमेऱ्यापुढे मोठा होत असेल तर कमी कर, त्यात ते बरोबर आहेत. पण शेवट खाऊ नकोस. तू उलट करतेस. सुरुवात नाट्यगृहाएवढी आणि शेवट उशीएवढा. म्हणून तिथे नाटकी वाटतेस आणि इथे ऐकू येत नाहीस. दोन्ही तक्रारी एकाच रोगाच्या आहेत.

माझ्याबद्दल तुम्हा मुलांमध्ये काय बोललं जातं ते माझ्या कानावर येतं. ताईंनी संसारासाठी रंगभूमी सोडली म्हणे. तसं नाही. चौतिसाव्या वर्षी एका व्यावसायिक नाटकात मला नायिकेवरून काढून मावशीच्या कामावर ठेवलं, दोन प्रवेश, अकरा वाक्यं. मला ते आधी सांगितलंही नाही, तालमीला गेल्यावर संहितेत कळलं. मी त्याच दुपारी पिशवी उचलून बाहेर पडले. मला वाटलं होतं दुसऱ्या दिवशी निरोप येईल. आला नाही. बँकेच्या काउंटरवर अकरा वर्षं काढली. अजूनही मला वाटतं की अपमान झाला होता आणि निघून येणं बरोबर होतं. कुणी तसं वागवून घेऊ नये. पण ती अकरा वाक्यं माझ्याजवळ आहेत, पिवळ्या पडलेल्या कागदावर, आणि परवा रात्री तुझ्यामुळे काढून मोठ्याने वाचली. चांगली होती गं. मावशी भाचीला दागिने देते तो प्रवेश तर फारच चांगला होता. तो कुणीतरी दुसरीने केला आणि मी बघायलाही गेले नाही.

म्हणून मी तुमच्यावर ओरडते. गेल्या वर्षी एक मुलगी माझ्या ओरडण्याने वर्ग सोडून गेली, ते मला लागलं आहे. पण 'चालेल' म्हणून मी कुणाला पुढे पाठवणार नाही.

आईचं काम घे किंवा घेऊ नकोस, ते तुझं तू बघ. घरभाडं तुला भरायचंय. राउटलेज बाईंनी हायसिंथ ऐन भरात असताना स्वतःहून थांबवली. लोकांनी 'अजून चालूच आहे का?' असं विचारण्याआधी थांबावं, असं त्यांचं म्हणणं होतं. घेणं आणि सोडणं दोन्ही असं आपल्या हाताने करता येतं.

गुरुवारी सहाला ये. मालिकेच्या संहितेची जी पानं आली असतील ती आण, पाठ करून येऊ नकोस. आधी कॅमेऱ्यापुढे बोलशील त्या आवाजात वाच, मग तेच स्टेजवरून. मी शेवटच्या रांगेत बसेन, उजवीकडच्या खुर्चीत, कारण डाव्या कानाने आता कमी ऐकू येतं. ऐकू आलं नाही तर हात वर करीन. ओरडणार नाही.

तुझी,
ताई