‘हू’च्या यादीतले लोक: उपस्थित, सक्रिय की आणखी काही?

एका वाचकाने विचारले आहे की, अनेक जण मिळून वापरतात अशा युनिक्स किंवा लिनक्स संगणकावर ‘हू’ (who) आणि ‘डब्ल्यू’ (w) हे, कोणी कोणी लॉगिन केले आहे ते दाखवणारे, आदेश दिल्यावर ज्यांची यादी समोर येते, त्यांना मराठी माहितीपुस्तिकेत ‘उपस्थित वापरकर्ते’ म्हणावे की ‘सक्रिय वापरकर्ते’, आणि ‘डब्ल्यू’च्या यादीतील ‘आयडल’ (idle) या रकान्याला ‘निष्क्रिय’ हा शब्द चालेल का. माझ्या मते हे तिन्ही शब्द टाळावेत, कारण यादीत जे नसते ते त्यांतून सांगितले जाते.

‘उपस्थित’ म्हणजे जवळ येऊन उभा असलेला. ‘डब्ल्यू’च्या यादीत ‘फ्रॉम’ (कोठून) नावाचा एक रकाना असतो आणि त्यात पुष्कळदा दुसऱ्याच कुठल्या तरी यंत्राचा पत्ता दिसतो. म्हणजे वापरणारा त्या संगणकापासून कोसभर नव्हे, शेकडो मैल दूर असू शकतो. ‘सक्रिय’ हा शब्द तर त्याहून अडचणीचा, कारण कालपासून एकही कळ न दाबलेल्या माणसाचे नावही यादीत तसेच राहते. संगणकाला एवढेच ठाऊक असते की अमक्या नावाने लॉगिन झाले आणि लॉगआउटची नोंद अजून आलेली नाही. मस्टरवर सही आहे, पण माणूस जागेवर आहे की नाही हे सहीवरून कळत नाही, असाच हा प्रकार आहे.

शिवाय ही यादी मुळात माणसांची नाहीच. एकाच व्यक्तीने तीन खिडक्यांतून तीन वेळा लॉगिन केले, तर ‘हू’ तिचे नाव तीन ओळींत दाखवतो आणि ‘डब्ल्यू’ची पहिली ओळ बहुधा तीन वापरकर्ते असल्याचे सांगते. मोजली जातात ती सत्रे, म्हणजे लॉगिनपासून लॉगआउटपर्यंतच्या एकेका वेळा. ‘सत्र’ हा शब्द येथे फार नेमका बसतो, कारण तो ‘सद्’ म्हणजे बसणे या धातूपासून आला असून अनेक दिवस चालणाऱ्या सोमयागाला ते नाव होते. इंग्रजी ‘सेशन’च्या मुळाशीही बसणेच आहे. ‘एका बैठकीत वाचून काढले’ या प्रयोगातली ‘बैठक’ मला मनापासून आवडते, पण कार्यालयात तो शब्द सभेसाठी रुळलेला असल्याने येथे घोटाळा होईल.

आता ‘आयडल’. या रकान्यात त्या टर्मिनलवर, म्हणजे ज्या खिडकीतून वा यंत्रावरून ते सत्र चालू आहे तिथे, शेवटची कळ दाबल्यापासून गेलेला वेळ असतो. तेथे चालू असलेला कार्यक्रम (प्रोग्राम) काही करतो आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नसतो. समजा, एका ओळीत ‘आयडल’खाली चौदा तास दिसत आहेत, पण शेजारच्या ‘जेसीपीयू’ रकान्यातला आकडा, म्हणजे त्या टर्मिनलला जोडलेल्या सर्व प्रक्रियांनी वापरलेला प्रोसेसरचा वेळ, प्रत्येक वेळी पाहिला की वाढलेला असतो. कोणीतरी मोठे गणित लावून घरी गेले आहे. पुस्तिकेत ‘निष्क्रिय’ वाचलेला नवखा व्यवस्थापक ते सत्र बंद करील आणि रात्रभराचे काम वाया जाईल. त्यापेक्षा मराठीतले ‘पडून’ घ्यावे. पैसे बँकेत पडून असतात, अर्ज टेबलावर पडून असतो. त्याला बराच वेळ कोणाचा हात लागलेला नाही, एवढेच आपण त्यातून सांगतो. रकान्याचे नाव म्हणून हवे असेल, तर ‘शेवटच्या कळीपासून’ असे सरळ लिहावे.

ही माहिती पाहण्याची गरज फार जुनी आहे. ‘हू’ हा आदेश १९७१च्या पहिल्या युनिक्समध्येही होता. त्याच सुमारास स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत लेस अर्नेस्ट यांनी, कोण लॉगिन आहे ते सांगणारा ‘फिंगर’ (बोट) हा कार्यक्रम लिहिला. तेथील ‘हू’च्या यादीवरून बोट फिरवत, कोण आहे आणि कोण कधीपासून दिसलेले नाही हे शोधणारी माणसे पाहून त्यांनी ते नाव दिले. म्हणजे यादीत नाव असणे आणि माणूस जागेवर असणे यांतला फरक त्या काळीही लोकांना जाणवत होता.

म्हणून यादीचे शीर्षक ‘चालू सत्रे’ असावे, व्यक्तीबद्दल ‘लॉगिन केलेला वापरकर्ता’ म्हणावे (‘प्रवेश घेतलेला’ म्हटले की महाविद्यालय आठवते) आणि पुस्तिकेतले वाक्य असे लिहावे: ‘हे सत्र चौदा तास पडून आहे, बंद करण्यापूर्वी त्यात काही काम चालू आहे का, ते पाहावे.’