नारळातलं पाणी आणि तुझी शंका

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

विज्ञान शिकायला लागल्यापासून देवापुढे हात जोडताना खोटं वाटतं, असं तू लिहिलंस. वाचून बराच वेळ अस्वस्थ होतो. प्रश्न विचारणारं मन आणि हात जोडणारं मन एकमेकांचे वैरी आहेत, असं तुझ्या मनात कुणीतरी भरवलेलं दिसतं. मला ते अजिबात मान्य नाही.

आपल्याकडे लहान मूल विचारतं, नारळात पाणी कुठून आलं? घरातलं मोठं माणूस म्हणतं, ‘देवाची करणी अन् नारळात पाणी.’ झालं, विषय मिटला! म्हणणाऱ्याची श्रद्धा खरी असते, पण तिथेच थांबणं मला सोसत नाही. कारण पुढे केवढं काय काय आहे! ते पाणी म्हणजे आतल्या कोंबासाठी झाडाने बांधून दिलेली शिदोरी. सुरुवातीला त्यात पेशींची केंद्रकं मोकळी तरंगत असतात. मग करवंटीच्या आतल्या बाजूने पेशी तयार होऊ लागतात आणि शहाळ्यात आपण खरवडून खातो ती मलई धरते. तीच घट्ट होत होत खोबरं होतं आणि पाणी कमी होत जातं. नारळ पुरता पिकायला साधारण 12 महिने लागतात. सोललेल्या नारळाचे तीन डोळे बोटाने दाबून बघ. त्यातला एक मऊ लागेल. कोंब बाहेर येतो तो त्याच वाटेने.

हे कळल्यावर करणी लहान झाली का? मला तर ती मोठी झालेली दिसते.

भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लर्क मॅक्सवेल लहानपणी दिसेल त्या वस्तूबद्दल ‘हे कसं चालतं?’ म्हणून विचारायचा. मोघम उत्तर दिलं की ‘पण नेमकं कसं?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. घरातली कुलपं, घंटांच्या तारा, सगळ्यांचा माग काढायचा. प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे हे पुढे यानेच मांडलं, आणि हा माणूस आयुष्यभर श्रद्धाळू ख्रिस्ती राहिला. केंब्रिजची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा त्याच्या देखरेखीखाली 1874 मध्ये उभी राहिली. तिच्या जुन्या दारावर बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली ओळ लॅटिनमध्ये कोरलेली आहे. परमेश्वराची कृत्यं थोर आहेत आणि ज्यांना ती आवडतात ते त्यांचा शोध घेतात, असा तिचा अर्थ. प्रयोगशाळेच्या दारावर, बरं का!

एकच सांभाळ. जिथे उत्तर सापडत नाही तिथे देवाला बसवू नकोस. उद्या उत्तर सापडलं की त्याला तिथून उठवावं लागेल, आणि मग तुला वाटेल श्रद्धाच गेली. जे समजलंय त्यासाठीही हात जोडता आले पाहिजेत. आणि ‘मला माहीत नाही’ म्हणायला लाजू नकोस, विशेषतः लहान मुलांसमोर. त्यांच्याबरोबर बसून शोध.

लावणीचा एक नारळ आण, ओलसर वाळूत आडवा ठेव. कोंब यायला काही महिने जातील, उकरून बघायची घाई नको. मधे जे जे प्रश्न पडतील ते लिहून ठेव आणि मला कळव. देवाबद्दलचेही कळव.

तुझा,
सर