पदांना कसली आकांक्षा?

'वाक्यातल्या पदांना परस्परांची आकांक्षा असते' हे वाचून तुम्ही विचारलंत, की शब्दांना कसली आलीय महत्त्वाकांक्षा? इथे आकांक्षा म्हणजे अपुरेपण. नुसतं 'आणलं' म्हटलं की 'कोणी? काय?' हे ऐकणाऱ्याच्या मनात उभं राहतंच, ती आकांक्षा.

ही परिभाषा न्यायशास्त्रातली, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या जुन्या भारतीय दर्शनातली; कायद्यातली नव्हे. १७ व्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त वाक्यार्थ कळण्यासाठी तीन गोष्टी सांगितल्या आहेत: आकांक्षा, योग्यता, सन्निधी. 'गाय, घोडा, पुरुष, हत्ती' ही नुसती यादी. कुणाला कुणाची गरज नाही. 'विस्तवाने शिंपतो' यात आकांक्षा भागते, पण विस्तवाने शिंपता येत नाही, म्हणून योग्यता नाही. आणि 'गाय' आत्ता म्हणून 'आण' प्रहरभराने म्हटलं, तर सन्निधी नाही.

लिहिणाऱ्याला मला यातला सन्निधीच जास्त कामाचा वाटतो. मुळात तो उच्चारातल्या विलंबाबद्दल आहे. कागदावरच्या अंतराला तो लावणं हा माझा आगाऊपणा. 'शुद्ध गाईचे तूप' या पाटीला आपण हसतो, पण 'ताजे गाईचे दूध' सहसा खटकत नाही. असं का? 'ताजे' हे रूप दुधाशी जुळतं. गाय ताजी असती तर 'ताज्या गाईचे' झालं असतं. 'शुद्ध' मात्र कुठेही बसवा, तसंच राहतं. त्याला फक्त शेजाराचा आधार. तेव्हा शुद्ध, लाल, सुंदर, गरीब अशी न बदलणारी विशेषणं आपापल्या नामाला चिकटूनच ठेवावीत.

योग्यतेचा दोष जास्त लबाड. 'विकास घराघरांत पोहोचला' हे वाक्य व्याकरणाने चोख आहे. पण पोहोचलं काय? नळाचं पाणी? वीज? विस्तवाने शिंपणारा लगेच पकडला जातो, हा नाही. लक्षणेने, म्हणजे शब्दाचा थेट अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला दुसरा घेऊन, अर्थ लावता येईल म्हणा, पण मग नेमकी कशावर लक्षणा, हे निदान लिहिणाऱ्याला तरी ठाऊक हवं.

जाता जाता: न्यायशास्त्राच्याच विश्वनाथ या दुसऱ्या पंडिताच्या 'भाषापरिच्छेदा'त चौथी अट आहे, तात्पर्याचं ज्ञान. 'सैंधव आण' असं जेवताना कोणी म्हटलं तर मीठ आणायचं, प्रवासाला निघताना म्हटलं तर घोडा. म्हणजे तात्पर्य हा बोलणाऱ्याचा हेतू. शाळेच्या पुस्तकात गोष्टीखाली छापलेलं असायचं, ते तात्पर्य वेगळं.